रामबागेतला प्लेअर आणि अमीर खाँसाहेबांची एक रेकॉर्ड

या समूहावर आपल्या इंदूरच्या वाड्यांवर, गणेशोत्सवावर आणि सराफ्यातल्या खाण्यावर पुष्कळ लिहून झाले आहे. मी आज घरातल्या गाण्याबद्दल लिहितो. म्हणजे गाणाऱ्यांबद्दल कमी आणि ज्यातून गाणे घरात आले त्या वस्तूंबद्दल जास्त. लेख लांबला आहे, सवडीने वाचा.

निमित्त असे झाले की आमचे रामबागेतले जुने घर यंदा विकले गेले. धाकटा भाऊ तिथे राहत असे. तो जाऊन आता तीन वर्षे झाली. दिवाळीत पुतण्या दोन खोकी घेऊन माझ्या फ्लॅटवर आला. आत आमच्या अण्णांच्या रेकॉर्डी. एकेचाळीस लाखेच्या, बावीस एलपी. म्हणाला, "काका, कबाड्याला द्यायला जीव होत नाही, आणि माझ्याकडे जागा नाही. काय करायचं?"

आता यात एक अडचण होती. आमची सकाळी फिरायला जाणाऱ्या पाच-सहा जणांची मंडळी आहे. फिरून झाले की पोहे-जिलेबी, आणि मग वाद. गेली कित्येक वर्षे मी तिथे ठासून सांगत आलो की रेकॉर्डचा आवाज तो आवाज, डिजिटलमध्ये जीव नाही. पण खरे सांगायचे तर मी स्वतः रेकॉर्ड शेवटची कधी ऐकली होती? बहुधा १९८८ साली. म्हणजे मी आठवणीच्या जोरावर साक्ष देत होतो. पुतण्या सॉफ्टवेअरमधला. तो म्हणाला, "काका, एकदा लावून बघूया की." ते कसे झाले ते पुढे सांगतो. आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय पुढचे कळायचे नाही.

आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा धंदा सुरू झाला १९०२ च्या नोव्हेंबरात, कलकत्त्यात. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग यंत्र घेऊन आला आणि गौहरजानबाईंनी भोंग्यात तोंड घालून गायले. गाणे संपले की त्या इंग्रजीत स्वतःचे नाव सांगत, कारण तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, आणि तिथल्या कारागिराला कोण गाते आहे ते कळावे कसे! १९०८ साली कलकत्त्यातच कारखाना निघाला. पुढे दमदम हे नाव रेकॉर्डींशी कायमचे जोडले गेले.

या जुन्या तबकड्या, ज्यांना आमच्याकडे काही लोक सरळ 'तवा' म्हणत, त्या मिनिटाला ७८ फेरे घेत. त्या लाखेच्या असत. लाख आपलीच, छोटा नागपूरकडच्या झाडांवरच्या किड्यांची. जगभरच्या रेकॉर्डी या आपल्या लाखेवर चालत होत्या, हे फार थोड्यांना माहीत असते. पण नुसत्या लाखेची तबकडी टिकत नाही, म्हणून तीत दगडाची बारीक पूड मिसळत. ही पूड पोलादी पिन घासून चराच्या मापाची करी. त्यामुळेच ती पिन एक बाजू वाजली की फेकायची, आणि त्यामुळेच मागे ती 'खर्रर्र' असा आवाज. लोक ज्याला जुन्या रेकॉर्डचा गोडवा म्हणतात त्यातला बराच भाग ही दगडाची पूड आहे, बरं का!

आणखी एक मर्यादा. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटे, बारा इंचीला चारेक. अब्दुल करीम खाँसाहेब, फैयाज खाँसाहेब, नाट्यसंगीतात बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथ, सगळ्यांनी या तीन मिनिटांतच काय ते केले. घडाभर पाणी चमच्यात ओतण्यासारखे हे काम, आणि त्यांनी ते करून दाखवले. पण प्रत्येक गायकी चमच्यात मावत नाही.

इथे इंदूरचा संबंध येतो. उस्ताद अमीर खाँसाहेब आपले. त्यांचे वडील शाहमीर खाँ होळकर दरबारच्या नोकरीत होते आणि खाँसाहेबांचे लहानपण याच गावात गेले. पुढे ते मुंबईला गेले. त्यांची गायकी अतिविलंबित. झुमऱ्याचा ठेका असा संथ की एका आवर्तनात ऐकणाऱ्याचा चहा पिऊन व्हावा. तीन मिनिटांत तिथे काय होणार? जेमतेम तीन-चार आवर्तने. अशा गाण्याला वेळच पाहिजे होता.

तो वेळ दिला एलपीने. अमेरिकेत कोलंबिया कंपनीने १९४८ साली ती बाजारात आणली. लाखेऐवजी विनाइल नावाचे प्लॅस्टिक, चर बारीक, फेरे मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश. एका बाजूला वीस-बावीस मिनिटे सहज. दगडाची पूड नाही, त्यामुळे खरखर एकदम कमी. आपल्याकडे एलपी यायला आणखी दहाएक वर्षे लागली. लाखेच्या तबकड्या तर इथे परदेशापेक्षा जास्त काळ निघत राहिल्या, अगदी बीटल्सच्यासुद्धा. आणि १९६० च्या सुमारास एचएमव्हीने खाँसाहेबांची एलपी काढली. एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. विलंबित, मग द्रुत, घाई कुठेच नाही. माझ्या मते घरात बसून ख्याल 'ऐकता' येऊ लागला तो इथून.

ही रेकॉर्ड आमच्याकडे १९६४ च्या दिवाळीला आली. अण्णा मिलमध्ये हेडक्लार्क. बोनस झाला, आईला लुगडे झाले, आम्हा पोरांना कपडे झाले आणि उरलेल्या पैशांत ही एलपी. प्लेअर आधीच घेतला होता, एचएमव्हीचाच, सुटकेससारखा बंद होणारा. आई चार दिवस बोलली नव्हती. पाचव्या दिवशी संध्याकाळी देवापाशी दिवा लावून ती स्वतःच म्हणाली, "लावा तो मारवा."

अण्णांचे नियम होते. मारवा दिवेलागणीला, दरबारी रात्रीची जेवणे झाल्यावर. एक बाजू संपली म्हणून लगेच दुसरी लावायची नाही. आज फोनवर सकाळी सातला दरबारी ऐकणारी मंडळी बघतो तेव्हा अण्णा आठवतात.

आता एक तांत्रिक गोष्ट सांगतो, कारण माझी गोष्ट तिच्यावर अडली आहे. त्या काळच्या प्लेअरच्या दांडीत दोन सुया असत, एक ७८ साठी आणि एक एलपीसाठी. छोटा खटका फिरवला की सुई बदले. लाखेच्या तबकडीचा चर रुंद, त्याची सुई एलपीच्या सुईच्या सुमारे तिप्पट जाड. जाड सुई एलपीवर ठेवली तर ती चरात बसतच नाही, वरून घसरते आणि चराच्या कडा खरवडते.

१९६५ च्या उन्हाळ्यातली दुपार. मी पंधरा वर्षांचा. अण्णा मिलमध्ये, आई शेजारी गेलेली. मित्राला रुबाब दाखवायला मी प्लेअर उघडला. आदल्या रात्री बालगंधर्वांची तबकडी वाजली होती. मी वेग ७८ वरून ३३ वर आणला, पण सुईचा खटका फिरवायचा विसरलो. दरबारी लावली. सुई घसरली, विचित्र आवाज आला, मी घाबरून दांडी ओढली आणि रेकॉर्डवर आडवा ओरखडा उठला.

रात्री अण्णांनी दरबारी लावली. सातेक मिनिटांनी आवाज आला, टक. मग पुन्हा टक. ३३ आणि एक तृतीयांश फेऱ्यांच्या रेकॉर्डवर आडवा ओरखडा असेल तर दर १.८ सेकंदांनी एक टक येते, साठ भागिले फेरे, साधा हिशेब. अशा वीसेक टका. अण्णांनी रेकॉर्ड थांबवली आणि विचारले, "कोणी हात लावला?"

मी म्हणालो, "बाळ खेळत होता दुपारी."

बाळ म्हणजे धाकटा भाऊ. दहा वर्षांचा. तो एकदाच म्हणाला, "मी नाही." अण्णांनी कधी कोणावर हात उगारला नव्हता, त्या रात्री उगारला. वर्षभर त्याला प्लेअरच्या खोलीत बसायला बंदी होती. तो दाराबाहेर ओसरीवर बसून ऐकायचा. मी आत.

पुढे मी १९७१ ला बी.कॉम. झालो, १९७२ ला बँकेत लागलो आणि बदल्या सुरू झाल्या. खांडवा, रतलाम, धार. बदलीच्या सामानात रेकॉर्डी नेणे शक्यच नव्हते, म्हणून त्या रामबागेत राहिल्या, भावाकडे. मी कॅसेटवाला झालो. कॅसेट फिलिप्सने १९६३ साली काढली होती, आपल्याकडे तिचे राज्य खरे ऐंशीच्या दशकात. स्वस्त, खिशात मावणारी. पण मागे सतत 'स्स्स' असा आवाज, माळव्याच्या पावसाळ्यात फितीला बुरशी, आणि प्लेअरच्या मनात आले की फीत चावून टाकायचा. पेन्सिल घालून फीत गुंडाळली नाही असा माणूस आमच्या पिढीत नसेल.

मग सीडी आली. जपानात १९८२ साली, आमच्या घरी नव्वदच्या दशकात. सीडी काय करते? सेकंदाला ४४,१०० वेळा ध्वनीचे माप घेते आणि आकड्यांत लिहून ठेवते. माझ्यासारख्या बँकेतल्या माणसाला हे समजायला सोपे. आम्ही लेजर हाताने लिहीत होतो, मग कॉम्प्युटर आला. तेव्हा जुने सहकारी म्हणत, मशीनमध्ये काही खरे नाही. पण बॅलन्स तोच निघायचा. एन्ट्री चुकीची केली तर मात्र दोन्हीकडे चूकच. हेच तत्त्व गाण्याला लावायचे मला तीस वर्षांत सुचले नाही!

त्यानंतर एमपीथ्री. एका चकतीत शे-सव्वाशे गाणी. जागा वाचते कशी? कानाला सहसा कळणार नाही असा भाग काढून टाकून. सीडीत सेकंदाला १,४११ किलोबिट माहिती असते, साध्या एमपीथ्रीत १२८. म्हणजे अकराव्या हिश्शाएवढी.

आता दिवाळीचा प्रयोग. पुतण्याने एका मित्राकडून चांगला टर्नटेबल आणला. रेकॉर्डी आधी धुतल्या. डिस्टिल्ड पाणी, त्यात साबणाचा एखादा थेंब, मऊ कापड, चराच्या दिशेने गोल. इथे एक सूचना: लाखेच्या तबकडीला स्पिरिट किंवा अल्कोहोल कधीही लावू नका. लाख त्यात विरघळते. एलपीला चालते, तव्याला नाही.

मग मारवा लावला. साठ वर्षांची रेकॉर्ड. खाँसाहेबांचा तो कोमल रिषभ, षड्जावर टेकू न देता लांबवर धरलेला, आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये भरून राहिला. सौ. स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहिली. मी पुतण्याला म्हणालो, "बघ. हे तुझ्या फोनमध्ये आहे का?"

तो हसला आणि म्हणाला, "परीक्षा घेऊ." त्याने तीच रेकॉर्ड वाजत असताना संगणकात सीडीच्या दर्जाची नक्कल करून घेतली. मग मला पाठमोरे बसवले. स्पीकर तेच, अँप्लिफायर तोच. दोन्हींचा आवाज मोजून सारखा केला, कारण जरा मोठे वाजते ते कानाला आपोआप चांगले वाटते. टर्नटेबल प्रत्येक वेळी फिरतच ठेवला, म्हणजे सुई टेकल्याच्या आवाजावरून मला ओळखता येऊ नये. आता वाजते आहे ती रेकॉर्ड की नक्कल, एवढेच सांगायचे. असे वीस वेळा.

मी अकरा वेळा बरोबर आलो. बी.कॉम.ला स्टॅटिस्टिक्स शिकलो आहे. नाणे उडवले असते तरी दहा आले असते. खरोखर फरक कळतो म्हणायला वीसपैकी पंधरा तरी यायला हवे होते. म्हणजे मला फरक कळत नव्हता. ज्या 'जिवा'साठी मी तीस वर्षे पोहे थंड होऊ दिले, तो आकड्यांत जसाच्या तसा उतरला होता. बँकेच्या भाषेत, अटेस्टेड कॉपी.

मग त्याने फोनवरची एक आवृत्ती लावली, कोण्या रसिकाने चढवलेली. ती मी दर वेळी ओळखली. पण ती परीक्षा खरी नव्हे, कारण तीत मागची खरखर पुसलेली होती, शेंबड्या पोरानेही ओळखली असती. तरी नीट ऐकल्यावर एक गोष्ट लक्षात आली. खरखर पुसताना तंबोऱ्याची जवारीही पातळ झाली होती. तंबोरा असा लांब गेला होता, जणू शेजारच्या घरात कोणी छेडतो आहे. तेव्हा माझी तक्रार अगदीच खोटी नव्हती. ती फक्त चुकीच्या आरोपीवर होती. दोष डिजिटलचा नाही. कोणी, कशावरून आणि किती घाईने नक्कल केली, त्याचा आहे.

आकड्यांत पाहिले तर सीडीच बरीच पुढे आहे. अगदी हळू आणि अगदी मोठ्या आवाजातले अंतर सीडीत सुमारे ९६ डेसिबल मावते, चांगल्या एलपीत साधारण ७०. शिवाय एलपी आतल्या बाजूला जाते तसा तिचा चर सुईखालून हळू सरकतो, कडेला सेकंदाला पन्नासेक सेंटिमीटर, शेवटी वीसेक. म्हणून द्रुत चीज आणि ताना, ज्या नेमक्या शेवटी येतात, तिथेच आवाज थोडा फाटतो. आणि माझ्या कानांचे म्हणाल तर गेल्या वर्षीच्या तपासणीत चार हजार हर्ट्झच्या पुढे आलेख घसरगुंडीसारखा खाली आला आहे. अशा माणसाने सूक्ष्म ध्वनीवर वाद घालावा, हेच मुळात जास्त झाले.

मग रात्री जेवणे झाल्यावर आम्ही दरबारी लावली. पुतण्या नक्कल करून घेत होता. सातव्या मिनिटाला टक. टक. टक. संगणकाच्या पडद्यावर प्रत्येक टक उभ्या रेघेसारखी दिसते. तो म्हणाला, "काका, ह्या काढून टाकतो. एका बटणाचं काम आहे." आणि सहज पुढे म्हणाला, "बाबांची आठवण आहे ही. ते सांगायचे, लहानपणी माझ्या हातून झालं."

मी गप्प झालो. भावाला त्याचा भाऊ काय होता ते चांगले ठाऊक होते. ते न सांगता त्याने ती टक आपल्या नावावर ठेवली, आपल्या मुलाजवळसुद्धा. आणि ज्याला त्या खोलीत बसायला बंदी होती, त्यानेच या रेकॉर्डी पन्नास वर्षे जपल्या. उभ्या ठेवल्या, आडव्या रचल्या नाहीत. दर पावसाळ्यानंतर पुसल्या. फाटलेली कागदी पाकिटे नवी केली. मी तेवढ्या काळात फक्त वाद घातला. तो असताना मला साठ वर्षे मिळाली होती सांगायला.

मी पुतण्याला सगळे सांगितले. सौ. समोर होती, तिलाही हे पहिल्यांदाच कळले. पुतण्या बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मूळ फाइल तशीच ठेवायची असते, काका. साफ केलेली वेगळी करतात. दोन्ही ठेवू." मी म्हणालो, "मूळ फाइलबरोबर टीप लिहिता येते का?" म्हणाला, "येते."

आम्हाला बँकेत पहिल्या आठवड्यात शिकवले होते की चुकीची नोंद खोडायची नसते. दुरुस्तीची वेगळी नोंद करायची, तारीख घालून, सही करून. ती टीप मी तोंडी सांगितली आणि त्याने टाइप केली: दरबारी, सातव्या मिनिटापासून सुमारे छत्तीस सेकंद, ओरखडा. मे १९६५. थोरल्याच्या हातून.

बावीस एलपींची कामे झाली आहेत, लाखेच्या तबकड्या चालू आहेत. त्या झाल्या की रेकॉर्डी इंदुरातच, जिथे कोणी त्या वाजवील आणि पुसून ठेवील, अशा ठिकाणी देणार आहोत. मारवा-दरबारी मात्र पुतण्या ठेवणार आहे. तेवढी जागा त्याच्याकडे निघाली.

समूहातील ज्यांच्या माळ्यावर अशी खोकी असतील त्यांना विनंती, कबाड्याला देण्याआधी एकदा कोणा जाणकाराकडून नक्कल करून घ्या. आणि पाकिटावर काय लिहिले आहे, कोणी आणली, कधी आणली, तेही टिपून ठेवा. सांगणारे घरात आहेत तोवर विचारा. आमच्या घरी मी उशीर केला.